बाबांची कबर कोण उघडणार

थिएन-फुंचं जेवण अजून झालेलं नव्हतं.

बोंग-छीने तिसऱ्यांदा कौल लावायचे तुकडे ओंजळीत घेतले, कपाळाला लावले आणि नवऱ्याच्या फोटोकडे बघत विचारलं, "झालं का पोटभर? उचलू का आता ताटं?" लाकडाचे ते दोन अर्धचंद्र फरशीवर खडखडले आणि दोन्ही पालथे पडले. म्हणजे नाही. एक उताणा आणि एक पालथा पडला असता तर होकार झाला असता.

"जिवंत होता तेव्हाही असाच," ती म्हणाली. "सगळ्यांचे हात वाळले तरी हा आपला बसलेला, माशाचं डोकं चोखत."

श्राद्धाला आत जमलेली घरची मंडळी हसली. थिएन-फुंना जाऊन आज तीन वर्षं झाली होती. त्यांच्या फोटोपुढे उकडलेली कोंबडी, तळलेली कालवं, शेवया, संत्री आणि त्यांना लागायची तशी गार बिअरची उघडलेली बाटली होती. बाहेर अंगणात ताडपत्रीच्या मांडवाखाली शेजारपाजारची पंचवीस-तीस माणसं चहा पीत बसली होती. एवढी माणसं कशाला आली आहेत ते बोंग-छीला ठाऊक होतं, निदान तिला तसं वाटत होतं. कबरीचं काय ठरतं ते ऐकायला ही सगळी जमली होती.

"आई, ते इकडे दे जरा," तिचा धाकटा मुलगा शी-लुंग म्हणाला. "मलाही बाबांना एक विचारायचंय."

हसणं तिथंच थांबलं. शी-लुंगने जाकीट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवलं. जाकिटाच्या छातीवर पिवळ्या धाग्याने 'नगराध्यक्ष हुंग शी-लुंग' असं भरलेलं होतं. बापाच्या श्राद्धाला तरी ते घालून येऊ नकोस, असं बोंग-छीने फोनवर सांगितलं होतं. पण इथून त्याला शाळेच्या कार्यक्रमाला जायचं होतं.

तो काय विचारणार हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. साडेतीन वर्षांपूर्वी निवडणुकीच्या सभेत, देवळापुढच्या मंचावर उभं राहून त्याने सांगितलं होतं की चिउवान गावच्या दफनभूमीतला एक दगडसुद्धा हलणार नाही. आधीचे सत्ताधारी तिथून बंदराचा रस्ता काढायला निघाले होते. शी-लुंग निवडून आला तो याच एका वचनावर. पाच महिन्यांनी थिएन-फु गेले. थोरला चिन-हाई म्हणाला होता, दहन करू, आता सगळेच करतात, राख अस्थिगृहात नेऊन ठेवली की पुढची काळजी मिटली. शी-लुंग ऐकेना. बाबांना गावच्या मातीतच ठेवायचं. आणि मग अंत्यविधीला, डोक्यावर सुतकाचं गोणपाट, हातात बांबूची काठी, अशा अवतारात ओल्या वाळूच्या ढिगावर उभा राहून तो सगळ्या गावासमोर म्हणाला होता, "ही जागा हलवायची असती, तर मी माझ्या बापाला इथं झोपवलं असतं का?"

त्या दिवशी बायाबापड्या रडल्या होत्या. त्यानंतरच्या तीन वर्षांत चाळीस घरांनी आपली माणसं दहन न करता तिथंच पुरली.

आता रस्ता येणार होता. समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहायच्या होत्या, त्यांचं सामान उतरवायला धक्का हवा होता, आणि धक्क्याकडे जाणारा रुंद रस्ता बरोबर थिएन-फुंच्या उशापायथ्यावरून जात होता. नव्या वर्षाच्या सणानंतर दफनभूमीच्या फाटकावर नोटीस लागली. सगळ्या कबरी उन्हाळ्याआधी रिकाम्या करायच्या. खाली सही शी-लुंगची.

शी-लुंगने कौल ओंजळीत घेतला. "बाबा, डोंगराकडचं नवं अस्थिगृह उंचावर आहे, कोरडं आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. यायला तयार आहात ना?"

दोन्ही पालथे.

"बाबा, गावाच्या पोरांना कामं मिळणार आहेत. गावासाठी एवढं कराल ना?"

पुन्हा दोन्ही पालथे.

तिसऱ्या खेपेला दोन्ही उताणे पडले. म्हणजे समोरचा नुसता हसतोय. शी-लुंगची बहीण सु-यिन भिंतीला टेकून उभी होती, तिच्या तोंडून फसकन आवाज निघाला.

"हसू नकोस," शी-लुंग म्हणाला.

"मी कुठे? बाबा हसले."

शी-लुंगने कपाळावरचा घाम पुसला, डोळे मिटले आणि हळू आवाजात विचारलं, "बाबा, तुम्ही माझ्यावर रागावला नाहीत ना?"

एक उताणा, एक पालथा.

"पडला!" तो उडी मारून उठला. "बघितलंत? होकार दिला. आई, होकार आला. अस्थी वेचणारे उद्या सकाळी येतायत, मी त्यांना—"

"थांब," बोंग-छी म्हणाली. "तू विचारलंस काय आणि घेतोयस काय?"

"म्हणजे?"

"रागावला नाही म्हणाला तो. बाप आहे, नसेल रागावला. ये म्हणून कुठं म्हणाला?"

"अगं आई, अर्थ एकच."

"मतं मागताना पण तू असंच करतोस का रे?"

चिन-हाई शेंगा सोलत होता. सोललेले दाणे तो खात नव्हता, बशीत ठेवत होता. बशी भरली होती.

"ऐक माझं," शी-लुंग खाली तिच्याजवळ बसला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. हा आवाज गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना आवडायचा. "गावात पहिली कबर आपली निघाली पाहिजे. मीच माझ्या बापाची हलवली नाही, तर लोकांना कोणत्या तोंडाने सांगू? आपण आधी काढली की लोकांचाही धीर होईल."

"तीनच वर्षं झालीत," बोंग-छी म्हणाली.

"मला माहितेय."

"काय माहितेय तुला? सहा-सात वर्षं जाऊ द्यावी लागतात. माती होऊ द्यावी लागते माणसाची. तीन वर्षांत काय झालं असेल? पेटीचं झाकण उघडलं आणि तो अजून तसाच अर्धामुर्धा असला तर? वेचायला हाडं नको सुटी व्हायला? मग काय करतात ते मला ठाऊक आहे. माझ्या मामाचं केलं होतं. सुरीने." तिने हाताने काहीतरी खरवडल्यासारखं केलं आणि हात लगेच मांडीखाली घेतला. आयुष्यभर कालवं फोडलेला हात होता तो. "मी सात वर्षांची होते. मला बघू द्यायला नको होतं, पण बघितलं मी."

सु-यिनला वाटलं, आता बोललं नाही तर आपण पुन्हा कधीच बोलणार नाही. ती नगरपालिकेत आवक-जावक बघायची. बाहेरून आलेल्या प्रत्येक पत्रावर तारखेचा शिक्का मारायचा, वहीत नोंद करायची आणि योग्य त्या टेबलावर पाठवायचं, एवढंच तिचं काम. नोकरी भावानेच लावली होती. घटस्फोटानंतर, दोन पोरी पदरात असताना. त्या नोकरीपायी ती सहा महिने गप्प बसली होती आणि त्या गप्प बसण्याने तिची झोप उडाली होती.

"शी-लुंग," ती म्हणाली, "रस्त्याचं पत्र कधी आलं होतं?"

"कुठलं पत्र?"

"प्रांत कार्यालयाचं. जागा द्यायला हरकत नाही असं तू ज्याला उत्तर पाठवलंस ते."

"हजार पत्रं येतात सु-यिन. आता हा विषय—"

"मी सांगते. सहा महिन्यांपूर्वी, मी लागायच्या आधीची फाईल काढायला लावली होती मला, तेव्हा बघितलं. बाबा जायच्या दोन महिने आधी आलं. तुझं उत्तर गेलं त्यानंतर आठ दिवसांनी." ती भिंतीपासून पुढे आली. "वाळूच्या ढिगावर उभा राहून तू ते बोललास ना, तेव्हा तुझी सही होऊन सात आठवडे झाले होते."

बोंग-छीने मुलीकडे पाहिलं, मग मुलाकडे. तिला पहिल्यांदा नीट कळलंच नाही. मग कळलं.

शी-लुंगचा चेहरा लाल झाला. खोटं ठरवता येईल का याचा विचार त्याने क्षणभर केला आणि तो सोडून दिला, कारण सु-यिन तारखांत कधी चुकत नाही हे त्यालाच पक्कं माहीत होतं. खरं तर या क्षणाची त्याने तीन वर्षं वाट पाहिली होती. खुर्चीवर बसल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्याला प्रांत कार्यालयातल्या एका खोलीत नेलं होतं, जिथं नकाशा आधीच रंगवून ठेवलेला होता. हो म्हणालात तर शाळेचं छप्पर, दवाखाना, समुद्राचा बांध. नाही म्हणालात तर रस्ता होणारच, पण बाकीचं काही मिळणार नाही. समोरची माणसं अगदी अदबीने बोलली होती. त्याला वाटलं होतं, आज सही करू, पुढे चार वर्षं आहेत, कुठंतरी अडवू, नकाशा सरकवू. खरंच वाटलं होतं. आणि वाळूच्या ढिगावर उभं असताना, रडणारी माणसं बघून, आपण अडवणारच अशी त्याची खात्रीसुद्धा झाली होती.

"मी अडवणार होतो," तो म्हणाला.

"अडवलंस?" सु-यिनने विचारलं.

"शाळेचं छप्पर झालं का नाही? दवाखान्यात डॉक्टर आला का नाही? ते कोण मोजणार?"

"दवाखान्यातला डॉक्टर मंगळवारीच येतो."

"आधी कुठल्याच वारी येत नव्हता!"

"तू बापाला तिथं ठेवलंस," बोंग-छी मध्येच म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "माहीत असून ठेवलंस. चिन-हाई म्हणत होता जाळू, तेव्हा तू नको म्हणालास. लोकांना दाखवायला ठेवलंस तू त्याला."

"आई, तसं नाही गं."

"मग कसं?"

सभेत शी-लुंगला कधी शब्द कमी पडत नसत. तो फोटोकडे बघत राहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं. त्याचं रडणं नेहमीच खरं असायचं, म्हणून तर लोक त्याच्यावर विश्वास ठेवायचे.

"चिन-हाई," बोंग-छी थोरल्याकडे वळली. "तू थोरला. तुझं काय म्हणणं?"

चिन-हाईने सालं गोळा केली. "तू म्हणशील ते, आई."

"मी विचारतेय तुझं काय."

"तू म्हणशील ते," तो पुन्हा म्हणाला आणि सालं टाकायला उठून मोरीकडे गेला.

बोंग-छीला आकिमची पोर आठवली. आकिम समोरच्याच घरातली. तिची एकोणीस वर्षांची मुलगी दोन वर्षांपूर्वी स्कूटरच्या अपघातात गेली. त्या दिवशी आकिम इथं, याच उंबऱ्यावर येऊन बसली होती. काकू, काय करू? जाळायला मन होत नाही. ठेवू का तिला इथं? नंतर उकरायला तर नाही ना लावणार? आणि बोंग-छीने तिच्या पाठीवरून हात फिरवत सांगितलं होतं, ठेव गं बाई, माझा माणूस आहे ना तिथं, बघेल तो तिच्याकडे. हे तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. शी-लुंग तिथं नव्हतासुद्धा.

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "मी नाही म्हणते."

"आई—"

"मी त्याची बायको. मी नाही म्हणते. त्याची माती होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. पहिली कबर आपली नाही म्हटल्यावर बाकीच्यांनाही बळ येईल. चाळीस घरं नाही म्हणाली तर काय करतील? यंत्रं घालतील? घालू देत. मी जाऊन बसेन पुढे. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईवर घाल म्हणावं यंत्र, आणि तिचा मुलगाच नगराध्यक्ष आहे हे पण छापा म्हणावं पेपरात."

सु-यिन रडायला लागली. तिने आईला इतकं ताठ उभं राहिलेलं बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. गेल्या सहा महिन्यांत पहिल्यांदा तिला वाटलं की अजून काहीतरी होऊ शकतं.

शी-लुंगने मान खाली घातली. मग म्हणाला, "ठीक आहे, आई. तू नाही म्हणालीस ना, विषय संपला. मी बोलतो वर."

"नक्की?"

"नक्की. शब्द देतो."

इतक्या लवकर तो ऐकेल असं बोंग-छीला वाटलं नव्हतं. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. कितीही झालं तरी पोटचा पोर. चुकला असेल, पण आईचं ऐकतो. मग तिला वाटलं, बाहेर बसलेल्यांना ताटकळत कशाला ठेवायचं, आणि ती दाराकडे निघाली.

"आत्ता नको," शी-लुंग घाईने म्हणाला. "आई, लोक चहा पितायत. मी सांगतो त्यांना नंतर, नीट, सविस्तर."

"तू खूप सांगितलंस. आता मी सांगते."

मोरीतून परत येणारा चिन-हाई दारात तिच्या समोर आला. तो बाजूला होईना. "आई, बस ना जरा," तो म्हणाला, आणि तिने त्याला हाताने बाजूला सारलं.

मांडवात ती आली तशी माणसं उठून उभी राहिली. बोंग-छीला भाषण करायची सवय नव्हती. तिने चहाच्या टेबलाचा आधार घेतला.

"ऐका रे सगळ्यांनी. आमच्या माणसाची कबर उघडायची नाही. मी नाही म्हणाले. माझा मुलगा पण कबूल झालाय. तुम्हीपण कुणी हो म्हणू नका. आपण सगळे मिळून नाही म्हणू."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. बोंग-छीला वाटलं, ऐकू गेलं नसेल, म्हणून तिने पुन्हा सांगितलं.

आकिम पुढे आली. तिच्या हातात चहाची पेली तशीच होती. "काकू, असं काय बोलता? माझ्या पोरीची तारीख परवाची आहे."

"कसली तारीख?"

"काढायची. तुमची उद्या, मग आमची लाईन. आज इथं वेळा विचारायलाच तर आलोय आम्ही. सकाळी किती वाजता यायचं, कपडे कुठले आणायचे."

"तू हो म्हणालीस? आकिम, अगं दोनच वर्षं झालीत तिला!"

"मी कुठली म्हणते हो," आकिम म्हणाली. "महिनाभर हाकलून दिलं मी त्या माणसांना. पण मग त्यांनी यादी दाखवली. सगळ्यात वर सहीच्या जागी तुमच्या नावाचा शिक्का. म्हटलं, काकूंनी दिला असेल तर बघूनच दिला असेल. त्या कशा उगीच देतील? तुमच्या शिक्क्यावर आम्ही आमचा मारला, काकू. सगळ्या चाळीस घरांनी."

मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने खिशातून घडी केलेला कागद काढला आणि उलगडून तिच्यापुढे धरला. बोंग-छीला फारसं वाचता येत नव्हतं, पण स्वतःचं नाव ओळखता येत होतं. पहिल्या ओळीत तीन अक्षरं, लाल शाईत, चौकोनात. नवरा गेल्यापासून तिचा शिक्का चिन-हाईच्या कपाटात असायचा. पेन्शनचं काम तोच करायचा, म्हणून तिनेच दिला होता त्याच्याकडे.

तिने मागे वळून पाहिलं. चिन-हाई उंबऱ्यात उभा होता आणि स्वतःच्या पायांकडे बघत होता. त्याच्या मागे शी-लुंग. त्याने जाकीट परत घातलं होतं. तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर राग नव्हता की लाज नव्हती. तो नुसता वाट बघत होता. आत सु-यिनने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं, म्हणजे तिलाही हे माहीत नव्हतं.

विषय संपला, असं तो का म्हणाला ते बोंग-छीला आता कळलं. विषय आधीच संपलेला होता.

"काकू?" आकिमचा आवाज बदलला. "तुम्ही असं का बोललात मग? हा शिक्का तुमचाच आहे ना?"

मांडवातली सगळी माणसं तिच्याकडे बघत होती. नाही एवढा एकच शब्द. तो म्हटला की कागद खोटा ठरणार होता, आणि मग कदाचित आकिमची पोर, आणि त्या म्हाताऱ्याची बायको, आणि थिएन-फु, सगळे होते तिथं राहिले असते. आणि दुसऱ्याच्या नावाचा शिक्का मारणाऱ्याला पोलीस काय करतात हेही तिला माहीत होतं. एकाने मारला, दुसऱ्याने काढून दिला. दोघांनाही तिनेच जन्म दिला होता. आपण आता इथंच पडलो तर बरं होईल असं तिला वाटलं. पण ती पडली नाही.

"काकू, बोला ना. मला भीती वाटतेय."

"माझाच आहे," बोंग-छी म्हणाली.

"तुम्हीच मारलात ना?"

"मीच मारला. विसरले बघ. वय झालं."

कुणीतरी म्हणालं, श्राद्धाचा दिवस आहे, नवऱ्याची आठवण आली असेल बिचारीला. म्हाताऱ्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली. शी-लुंग पुढे येऊन सगळ्यांना वेळा सांगायला लागला, त्या मऊ आवाजात, आणि नव्या जागेत प्रत्येकाला समुद्राकडची खिडकी मिळेल असंही म्हणाला.

"परवा तुम्ही याल का माझ्याबरोबर?" आकिमने हळूच विचारलं. "माझ्याच्याने एकटीने बघवणार नाही."

"येईन."

आकिमने चहाची पेली खाली ठेवली, बोंग-छीचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि तिचे आभार मानले. बोंग-छीने ते तिला मानू दिले.